पेपरातले मार्क पटले नाहीत तर: पालकांनी कधी, कुणाला आणि कसं विचारावं

सहामाहीचे पेपर वर्गात दाखवून झाले की पुढचा आठवडाभर स्टाफरूमच्या दाराशी पालक दिसतात. कुणी शांतपणे थांबलेले असतात, कुणी दारातूनच आवाज चढवतात. आणि ज्यांनी खरं तर यायला हवं, ते पुष्कळदा येतच नाहीत. ‘बाईंना काय कळत नाही का, तूच धड लिहिलं नसशील’ म्हणत ते मुलाला घरीच गप्प करतात. मी नववी-दहावीला गणित शिकवते, त्यामुळे दरवर्षी हे जवळून पाहते. माझं मत सरळ आहे. मार्क देताना चूक झाली असेल तर पालकांनी विचारलंच पाहिजे, त्यात शिक्षकाचा अपमान काही नाही. पन्नास-साठ पेपरांचा गठ्ठा रात्री जागून तपासताना चुका होतात, कुणाच्याही होतात. मात्र विचारायला येण्याआधी पेपर नीट वाचलेला असावा आणि काय चुकलंय ते बोट ठेवून दाखवता यावं. एवढं केलं तर बहुतेक गोष्टी विषयशिक्षकापाशीच मिटतात.

## आधी पेपर वाचा

शाळा पेपर घरी देत असेल तर उत्तमच. देत नसेल तर वर्गशिक्षकांना सांगून शाळेत बसून बघायला मागा. सोबत प्रश्नपत्रिका हवीच, तिच्याशिवाय पेपर वाचण्यात अर्थ नाही. मुलाला शेजारी बसवा. हातात पेन्सिल आणि कोरा कागद घ्या, पण पेपरावर काहीही लिहू नका. एखादी खूणसुद्धा नको, नंतर तीच वादाचं कारण होते.

पहिलं काम बेरजेचं. पहिल्या पानावर प्रश्नवार मार्कांचा तक्ता असतो. आतल्या पानांवर प्रत्येक उपप्रश्नाला मिळालेले मार्क कोऱ्या कागदावर उतरवा, त्यांची बेरीज करा आणि ती तक्त्याशी ताडून बघा. मार्क बहुतेक इथेच हरवतात. एखाद्या प्रश्नाचे मार्क आत दिलेले असतात, पण बाहेर तक्त्यात चढलेले नसतात. तक्त्यातल्या ४३ चे प्रगतिपुस्तकात ३४ होतात, किंवा ३४ चे ४३. दुसऱ्या प्रकारातही सांगायचं. चुकून जास्त पडलेले मार्क आईवडिलांनी स्वतःहून दाखवून दिले, हे मूल कधी विसरत नाही, आणि पुढच्या वेळी तुमचा शब्द शाळाही वेगळ्या वजनाने घेते.

दुसरं, न तपासलेलं उत्तर शोधा. प्रत्येक उत्तरावर बरोबरची खूण, फुली किंवा आकडा काहीतरी असायला हवं. चिकटलेली दोन पानं, शेवटी जोडलेली पुरवणी, ‘पुढे पाहा’ लिहून मागच्या पानावर पूर्ण केलेलं उत्तर, आणि भूमितीत तर कच्च्या कामाच्या जागेत काढलेली आकृती, या जागा हमखास नजरेतून सुटतात. ‘कोणतेही चार सोडवा’ असताना मुलाने पाच सोडवले असतील तर कोणते चार धरले तेही बघा आणि शाळेची त्याबाबत काय पद्धत आहे ते विचारा.

तिसरं काम जरा किचकट आहे, कारण तिथे उत्तर समजून घ्यावं लागतं. नववीच्या बीजगणितातलं उदाहरण घेऊ. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते, तर मूळ संख्या कोणती? तीन मार्कांचा प्रश्न. मुलीने दोन्ही समीकरणं बरोबर मांडली, सोडवली, दशकस्थानी ३ आणि एककस्थानी ६ हेही बरोबर काढलं, आणि शेवटच्या ओळीत ३६ ऐवजी ६३ लिहिलं. तपासणाऱ्याने खालची ओळ पाहिली आणि शून्य दिलं. इथे मांडणीचा एक, सोडवण्याचा एक आणि उत्तराचा एक असे पायरीनिहाय गुण ठरलेले असतील, तर तिला दोन मिळायलाच हवेत. हा आक्षेप पक्का आहे. तो मांडायला आवाज लागत नाही, फक्त पान उघडून दाखवावं लागतं.

## चूक कशातली आहे ते ठरवा

वाचून झालं की सापडलेली प्रत्येक गोष्ट कोणत्या खात्यात जाते ते बघा. बेरीज चुकली, उत्तर तपासायचं राहिलं, मार्क चढवताना घोळ झाला, ही झाली नजरचूक. हिच्यावर दुमत होऊच शकत नाही. ठरलेल्या गुणदान पद्धतीप्रमाणे मार्क दिले नाहीत, अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला, प्रश्नच चुकीचा छापला होता, पाठ्यपुस्तकातलं उत्तर चूक ठरवलं, हा झाला नियमाचा भंग. यावर पुरावा देऊन बोलता येतं. पाठ्यपुस्तकाचं पान, प्रश्नपत्रिकेतली सूचना, वहीत शिक्षकांनीच सोडवून दिलेलं उदाहरण, असं काहीही चालतं.

तिसरं खातं मताचं आहे. निबंधाला आठपैकी चार का, साडेपाच का नाहीत? रसग्रहणात भाषा चांगली असून दोनच का? इथे पालकांची सगळ्यात जास्त चिडचिड होते आणि इथेच त्यांच्या हातात सगळ्यात कमी असतं. एकच पेपर दोघांनी तपासला तर मार्क वेगळे पडतात, हे शिक्षणक्षेत्रात शंभर वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरपैकी मार्कांत तिसाहून जास्त फरक पडला. भाषेच्या विषयात असं व्हायचंच, असं कुणीही म्हणेल, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. तिथे फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

म्हणून निबंधाच्या मार्कांवर ‘दोन वाढवून द्या’ म्हणणं वाया जातं. ‘कशाला किती मार्क दिले ते सांगाल का, म्हणजे पुढच्या वेळी तिला कळेल’ असं विचारलं तर शिक्षकाला उत्तर द्यावंच लागतं. मुद्दे, मांडणी, भाषा, शुद्धलेखन यांना मिळून आठ मार्क कसे वाटले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनाही पुढचा गठ्ठा तपासण्याआधी ते ठरवावं लागतं. हा फायदा तुमच्या एकट्या मुलाचा राहत नाही, सगळ्या वर्गाचा होतो.

## कुठे सोडून द्यावं, कुठे मुळीच सोडू नये

घटक चाचणीतला एक मार्क, तोही मताच्या खात्यातला, सोडून द्या. शेजारच्या मुलाला आपल्यापेक्षा दोन जास्त मिळाले म्हणून शाळेत जाऊ नका. मुलाचं स्वतःचं म्हणणं ‘माझं चुकलंच होतं’ असं असेल तर तेच खरं माना.

उलट काही ठिकाणी ‘जाऊ दे’ म्हणणं मुलावर अन्याय करतं. पास-नापासाच्या उंबरठ्यावरचा निकाल. नववीचा वार्षिक निकाल, कारण तो शाळा ठरवते आणि त्यावर दहावीतला प्रवेश अवलंबून असतो. पाचवी आणि आठवी, जिथे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा होते आणि तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. एकाच विषयात, एकाच शिक्षकाकडे वर्षभर मार्क कमी आणि बाकी सगळीकडे चांगले, असंही सतत दिसत असेल तर विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अध्ययन अक्षमता किंवा अन्य दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या सवलती. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना मार्क न कापणं, यांतली मंजूर झालेली सवलत प्रत्यक्षात दिली गेली नसेल तर तो मार्कांचा प्रश्नच राहत नाही. परीक्षाच नीट झालेली नसते. तिथे संकोच न करता त्याच दिवशी लेखी द्या. डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल करून मार्क कापलेले पाहिले की आजही माझा जीव कळवळतो.

## पहिली ते आठवीची श्रेणी कशी बनते

लहान वर्गांतले बरेच वाद ‘पेपरात इतके छान मार्क, मग प्रगतिपुस्तकात ब कसा?’ इथून सुरू होतात. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात वर्षभराच्या कामावरचं आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन असे दोन भाग आहेत. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० असा तो ठरवला होता. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हे सगळं येतं. ९१ आणि त्यापुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, अशा श्रेणी उतरत जातात.

आता हिशोब करून बघा. सहावीतल्या मुलाला संकलितला ५० पैकी ४५ आणि आकारिकला ५० पैकी ३२. एकूण ७७, म्हणजे ब-१. लेखी पेपर कितीही वेळा तपासला तरी काही हाती लागणार नाही, कारण मार्क गेलेत ते न दिलेल्या प्रकल्पात किंवा अपुऱ्या स्वाध्यायात. म्हणून वर्गशिक्षकांना आकारिकच्या नोंदी दाखवायला सांगा. तारखेनिशी नोंदी असतील तर तुम्हाला उत्तर मिळेल. नसतील, सगळ्या मुलांना एकाच दिवशी सरसकट सारखेच मार्क दिलेले दिसत असतील, तर तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तो मुख्याध्यापकांपर्यंत न्यावा. वर्णनात्मक नोंदीही वाचा. ‘गणितात उत्तम प्रगती’ अशी नोंद आणि शेजारी क-२ असं दिसलं तर विचारायला तेवढं कारण पुरतं.

## आधी मुलाला बोलू द्या

पाचवीच्या पुढच्या मुलाने आपला प्रश्न आधी स्वतः विचारावा, यावर मी ठाम आहे. पेपर त्याने लिहिलाय, कोणत्या ओळीत काय म्हणायचं होतं हे त्यालाच माहीत. शिवाय वर्गात उद्या, परवा आणि वर्षभर त्याच शिक्षकांसमोर त्याला बसायचंय. घरी एकदा सराव करून घ्या. ‘मॅडम, मला मार्क कमी दिलेत’ असं नको. ‘मॅडम, चौथ्या प्रश्नात माझी समीकरणं बरोबर आहेत, शेवटचं उत्तर चुकलंय. पायऱ्यांचे मार्क मिळतील का?’ असं. तास संपल्यावर, बाकीची मुलं गराडा घालून नसताना.

मूल घाबरत असेल तर कशाला घाबरतंय ते आधी विचारा. ‘सर सगळ्यांसमोर बोलतात’ असं उत्तर आलं तर मार्कांचा विषय बाजूला ठेवून तो विषय हातात घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई केलेली आहे. मार्क विचारले म्हणून टोमणे मारणं, मागच्या बाकावर बसवणं हे खपवून घेऊ नका.

आणि मूल ‘नको ना आई, जाऊ दे’ म्हणत असेल तर त्याचं ऐका. नजरचूक मोठी असेल, निकाल बदलणार असेल, तरच समजावून पुढे जा. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी अर्थातच तुम्हीच बोलायचं.

## शिक्षकांशी कसं बोलावं

शाळा सुटताना गेटवर गाठू नका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेपराचा फोटो टाकून ‘हे बघा काय तपासलंय’ असं तर कधीच नको. त्या क्षणी प्रश्न मार्कांचा राहत नाही, अब्रूचा होतो, आणि मग जो तो आपली बाजू सोडत नाही. शाळेच्या डायरीत किंवा विषयशिक्षकांना स्वतंत्र मेसेजवर वेळ मागा. साधा मजकूर पुरतो:

‘नमस्कार मॅडम. मी आठवी ब मधल्या अमुकची आई. तिच्या विज्ञानाच्या पेपरात प्रश्न ३ (आ) चे मार्क पहिल्या पानावर चढलेले दिसत नाहीत. पेपर घेऊन भेटायला कधी येऊ?’

काय विचारायचंय ते नेमकं लिहिलं की शिक्षक तयारीने बसतात. ‘पेपरबद्दल बोलायचंय’ एवढंच लिहिलं तर त्यांना भांडणच अपेक्षित असतं.

भेटीत पेपर मधे ठेवा, पान उघडा आणि प्रश्न विचारून थांबा. शिक्षकांना वाचायला वेळ द्या. नजरचूक असेल तर बहुतेक शिक्षक तिथल्या तिथे पेन काढतात. मार्क दुरुस्त केले तर खाडाखोडीशेजारी सही आणि तारीख घ्यायला विसरू नका. दुसऱ्या मुलाचा पेपर तुलनेला आणायचा मोह होतो, कारण ‘त्याला याच उत्तराला पूर्ण मार्क आहेत’ हा मुद्दा खरोखर भक्कम असतो. पण त्या मुलाच्या पालकांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यातून त्याचेच मार्क कमी झाले तर मैत्री तुटते. त्यापेक्षा ‘या उत्तराला वर्गात सगळ्यांना असेच मार्क दिलेत का?’ असं विचारा.

‘मी क्लासच्या सरांना दाखवलं, ते म्हणाले चार मिळायला हवेत’ हे वाक्य टाळा. सर हुशार असतीलही, पण या वाक्यानंतर समोरचा माणूस ऐकायचा थांबतो. वडील आणि आई दोघं, सोबत काका, असं शिष्टमंडळही नको. मुलाला सोबत घ्या, पण त्याच्यादेखत शिक्षकांना उणंदुणं बोलू नका, आणि शिक्षकांदेखत मुलाला तर अजिबातच नाही.

## तोंडी काम झालं नाही तर

आठवडाभर वाट पाहूनही उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर पर्यवेक्षकांकडे आणि मग मुख्याध्यापकांकडे लेखी जा. अर्ज अर्ध्या पानाचा असावा. भावना, मुलाचे मागचे पराक्रम, शाळेची फी, यांतलं काही नको. साधारण असा:

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता ९ वी, द्वितीय सत्र, गणित भाग १ च्या उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीबाबत. माझा पाल्य इयत्ता ९ वी क मध्ये शिकत आहे, हजेरी क्रमांक अमुक. त्याच्या उत्तरपत्रिकेत प्रश्न ४ (२) मध्ये पायरीनिहाय गुण दिलेले नाहीत. पुरवणीवरील प्रश्न ५ (१) तपासलेला दिसत नाही. विषयशिक्षकांना अमुक तारखेला भेटून ही बाब सांगितली आहे. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.’

दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. लिपिक ‘ठेवून जा, सांगतो साहेबांना’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न ‘शाळेला लेखी दिलं होतं का?’ हाच येतो.

त्यापुढची वाट शाळेवर अवलंबून आहे. जिल्हा परिषद किंवा अनुदानित प्राथमिक शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडता येतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. माध्यमिक शाळेसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक. हे अधिकारी निबंधाला मार्क वाढवून देणार नाहीत. नियम पाळला का, फेरतपासणी केली का, एवढंच ते विचारतील. तेवढ्यासाठीच त्यांच्याकडे जा. खासगी विनाअनुदानित शाळेत आतल्या परीक्षेचा वाद मुख्यतः प्राचार्य आणि संस्थेकडेच संपतो, म्हणून तिथे पहिली भेट आणखी जपून करा.

सरकारी आणि अनुदानित शाळेत माहितीच्या अधिकारात उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. पण शाळा पेपर ठरावीक काळच जपून ठेवतात, तेव्हा उशीर करू नका.

## दहावी-बारावीचं वेगळं आहे

इथे शाळेशी वाद घालून उपयोग नाही. राज्य मंडळाची पद्धत आणि मुदत ठरलेली असते, आणि मुदत गेली की काहीच करता येत नाही. त्यामुळे निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचा.

मार्ग तीन आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि सगळी उत्तरं तपासली आहेत का एवढंच बघतात, उत्तराचं मोल पुन्हा ठरवत नाहीत. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे पेपर पुन्हा तपासणं. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेणं बंधनकारक आहे आणि ती हातात पडल्यापासून पाच कार्यालयीन दिवसांत अर्ज करावा लागतो. गेल्या काही वर्षांत गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये शुल्क होतं. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, आणि काम तुमच्या विभागीय मंडळाकडून होतं. सीबीएसईतही २०२५ पासून आधी उत्तरपत्रिकेची प्रत आणि मग पडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन असा क्रम आहे.

मी पालकांना सांगते की ४०० रुपये घालवायचेच तर छायाप्रतीवर घाला, नुसत्या गुणपडताळणीवर थांबू नका. प्रत हातात आली की चित्र स्पष्ट होतं. ती त्याच दिवशी विषयशिक्षकांना दाखवा. पाच कार्यालयीन दिवस बघता बघता संपतात, विचार करायला फार वेळ उरत नाही. परीक्षकाच्या मार्कांवर नियामकाने, म्हणजे परीक्षकाची तपासणी पुन्हा बघणाऱ्याने, काही ठिकाणी बदल केलेले असतात, तेही शिक्षकांच्या नजरेला लगेच येतात. शिक्षकांनी ‘पाच-सहा मार्क नक्की निघतात’ म्हटलं तर अर्ज करा. ‘एखादा निघेल कदाचित’ असं असेल तर थांबा, कारण फेरतपासणीत मार्क कमीही होऊ शकतात, ही तयारी ठेवूनच पुढे जायचं असतं.

ही प्रत मागण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. पुनर्मूल्यांकन न करण्याचा आणि उत्तरपत्रिका न दाखवण्याचा महाराष्ट्राच्याच मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो पुन्हा वैध ठरवला. पुढे माहितीचा अधिकार आला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे, विद्यार्थ्याला ती बघता येते आणि तिची प्रतही मिळते. मंडळ जोवर पेपर जपून ठेवतं तोवरच हा हक्क चालतो, हेही त्यात आहे. मात्र न्यायाधीशांनी स्वतः पेपर तपासून मार्क द्यावेत, अशी अपेक्षा धरून कोर्टात जाऊ नका. रणविजय सिंह प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आता एक गोष्ट, जी पालकांना निकालानंतर कळते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. दहावीच्या शंभरातले २० मार्क शाळेच्या हातात असतात. भाषांची तोंडी परीक्षा, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, गणिताचा गृहपाठ आणि चाचणी, हे सगळं त्यात येतं. या विसांचं वजन किती, ते २०१९ मध्ये दिसलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले होते आणि राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले. मंडळाची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन लेखी उत्तरपत्रिकेपुरतं असतं, त्यामुळे हे २० मार्क नंतर तिथे तपासले जात नाहीत. म्हणून दिवाळीनंतरच वह्या, जर्नल, प्रयोगवही पूर्ण आहे का ते बघा, सह्या घेतल्यात का विचारा, आणि लेखी परीक्षेआधी शाळा गुण मंडळाकडे पाठवते त्याच्या अगोदर शंका मिटवा. ‘वीसपैकी किती?’ असं मुलाने आदराने विचारलं तर बहुतेक शिक्षक निदान काय अपुरं आहे ते सांगतात.

छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची वाट पाहताना अकरावीचा अर्ज अडवून ठेवू नका. प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. हातात असलेल्या गुणपत्रिकेवर अर्ज भरा, पसंतीक्रम नीट लावा, आणि मार्क वाढले तर सुधारित गुणपत्रिका घेऊन प्रवेश केंद्रात किंवा महाविद्यालयात लगेच विचारा.

## मार्क बदलले की

आक्षेप मान्य झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. पेपरावर आकडा बदलला, पण शाळेच्या निकालपत्रकात जुनाच राहिला, असं होतं. आणि पुढच्या वर्षी दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी उतारा काढला की जुनाच आकडा समोर येतो. म्हणून प्रगतिपुस्तकावर दुरुस्ती, त्याखाली वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का, आणि निकालपत्रकातही तोच आकडा चढला आहे याची खात्री, एवढं कार्यालयात उभं राहून करून घ्या. मंडळाच्या बाबतीत जुनी गुणपत्रिका परत करून सुधारित गुणपत्रिका घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत जुनीच्या दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा.

आक्षेप फेटाळला गेला तर लेखी कारण मागा आणि ते फाइलला लावून ठेवा. त्यावर पुन्हा पुन्हा तेच अर्ज करत बसू नका. पुढच्या घटक चाचणीचा पेपर मिळाला की त्याच प्रश्नप्रकाराला काय मार्क पडलेत तेवढं मुलासोबत बघा. शिक्षकांची पद्धत बदललेली असेल, किंवा मुलाची मांडणी.